दाद मागायची, पण कोणाच्या दारी?

१७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्याच दिवसापासून तेथील कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकील मंडळींनी त्यासाठी कित्येक वर्षे आंदोलन केले होते. सावंतवाडीच्या पक्षकाराने एका तारखेसाठी सुमारे पाचशे किलोमीटरचा प्रवास करून मुंबई गाठायची, दिवसभर न्यायालयाच्या जिन्यावर बसून राहायचे आणि प्रकरण पुकारलेच गेले नाही म्हणून रात्रीच्या गाडीने परत फिरायचे, हा क्रम आता पुष्कळ अंशी थांबेल. याच राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) अन्वये १९८१ मध्ये औरंगाबादला खंडपीठ बसले होते, त्यावेळीही मराठवाड्याने असाच आनंद व्यक्त केला होता. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे टिकला. न्याय लोकांच्या जवळ आला पाहिजे, हे तत्त्व त्यामुळे पुन्हा एकदा मान्य झाले.

परंतु न्यायालय आणि सामान्य माणूस यांच्यामध्ये केवळ मैलांचेच अंतर असते काय? आणखी एक अंतर आहे आणि ते रेल्वेने वा मोटारीने तोडता येत नाही. आपल्या तक्रारीची दाद नेमकी कोणाकडे मागायची, हे ठाऊक नसण्याचे ते अंतर आहे. कायद्याच्या परिभाषेत त्याला अधिकारितेचा प्रश्न म्हणतात. हा शब्द ऐकला की सामान्य वाचक पान उलटतो. हा वकिलांचा विषय आहे, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात या एका शब्दापायी जितकी घरे बसली, तितकी कदाचित खटल्याच्या गुणदोषांवर हरून बसली नसतील.

उच्च न्यायालयाच्या पीठांची गोष्ट त्यातल्या त्यात सोपी आहे. मुंबई, नागपूर, औरंगाबाद, पणजी आणि आता कोल्हापूर ही सारी एकाच न्यायालयाची पीठे आहेत. कोणत्या जिल्ह्याचे काम कोठे, हे नियमांनी ठरवून दिलेले असते आणि तेथे झालेली चूक बहुधा सुधारता येते. खरी फसगत खाली होते, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या पातळीवर. तेथे एकाच आवारात तहसीलदार, प्रांत, दिवाणी न्यायाधीश आणि दुय्यम निबंधक यांच्या कचेऱ्या शेजारी शेजारी असतात. पण एका दाराचा अर्ज दुसऱ्या दारात चालत नाही.

शेतरस्त्याची गोष्ट

शेतात जाण्याच्या रस्त्याचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात असे गाव नसेल, जेथे रस्त्यावरून भावकीत वा शेजाऱ्यांत तंटा नाही. बैलगाडीची पूर्वापार वाट नांगरून टाकली जाते, बांधावर काटे पडतात, पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर अडतो. शेतकरी धावत तहसील कचेरीत जातो आणि कोणाकडून तरी अर्ज लिहून घेतो. तेथेच पहिली गफलत होते, कारण तहसीलदाराच्या हाती या बाबतीत दोन वेगवेगळे कायदे आहेत आणि त्यांच्या वाटा निरनिराळ्या आहेत.

वापरात असलेली जुनी वाट कोणी अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ मधील कलम ५ लागू होते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. निर्णय झाल्यावर त्याविरुद्ध अपील नाही. जिल्हाधिकाऱ्याकडे पुनरीक्षण मात्र मागता येते आणि प्रत्यक्षात ते अधिकार बहुधा प्रांत किंवा उपजिल्हाधिकारी वापरतात. याउलट शेताला वाटच नसेल आणि दुसऱ्याच्या गटाच्या बांधावरून ती मागायची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ लावावे लागते. तेथे तहसीलदाराने शेतकऱ्याची गरज पाहायची असते. त्या निर्णयाने ज्याचे नुकसान झाले, त्याला एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. आणि असा दावा एकदा लावला की मग त्या निर्णयाविरुद्ध महसुली अपील वा पुनरीक्षण चालत नाही.

आता या दोन वाटांचा घोटाळा झाला तर काय होते पाहा. जुनी वाट अडवली म्हणून आलेल्या शेतकऱ्याच्या अर्जावर ‘कलम १४३ प्रमाणे’ असे लिहिले जाते. तहसीलदार चौकशी करतो, जागेवर जातो, पंचनामा करतो आणि शेवटी असा आदेश देतो की त्यात दोन्ही कायद्यांची भाषा एकमेकांत मिसळलेली असते. विरुद्ध बाजूचा माणूस प्रांताकडे अपील करतो. प्रांत म्हणतात, हे प्रकरण मामलेदार न्यायालय अधिनियमाखालचे आहे, अपील चालत नाही. किंवा म्हणतात, कलम १४३ खालचे आहे, जुन्या वाटेला ते लागूच नाही. प्रकरण फेरचौकशीसाठी परत जाते. तोवर सहा महिन्यांची मुदत संपलेली असते, दोन हंगाम उलटलेले असतात, आणि ज्याने वाट नांगरली त्याने तेथे ऊस उभा केलेला असतो. चूक कोणाची, हे ठरवायला अधिकारी मोकळे आहेत. ज्याचा ट्रॅक्टर बांधाशी उभा आहे, त्याच्या पदरी काय पडले?

फेरफाराच्या नोंदींचे दुखणे याहून जुने आणि याहून महागडे आहे. वडील वारले, एका भावाने आपल्या एकट्याच्या नावाने नोंद करून घेतली. दुसऱ्याला ते दोन वर्षांनी कळते. तो प्रांताकडे संहितेच्या कलम २४७ खाली अपील करतो. जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखालील अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत साठ दिवसांची असल्यामुळे आधी विलंब माफीचा अर्ज येतो. मग अपर जिल्हाधिकारी, मग विभागीय आयुक्त, मग पुनरीक्षणासाठी मंत्रालय. आठ-दहा वर्षांनी उच्च न्यायालयात रिट याचिकेच्या वेळी त्याला एका वाक्यात उत्तर मिळते: महसुली नोंद ही सारा वसुलीसाठी असते, तिने मालकी हक्क निर्माण होत नाही वा नष्टही होत नाही, हक्काचा वाद असेल तर दिवाणी न्यायालयात जा. सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व इतक्या वेळा सांगितले आहे की त्यात आता नवे काही उरलेले नाही. तरीही दर वर्षी नव्याने माणसे त्याच पायऱ्या चढतात. खरे म्हणजे त्याला पहिल्याच दिवशी हवा होता तो वाटपाचा आणि हक्क ठरवून मागण्याचा दिवाणी दावा. हक्क जाहीर करून मागण्याच्या दाव्याला मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षांची मर्यादा आहे, आणि महसुली कचेऱ्यांत घालवलेली वर्षे त्यातून वजा होतीलच, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. भावाने सातबारा बदलला हे त्याचे दुर्दैव खरे. परंतु त्याने चुकीचे दार ठोठावले आणि ते दार उघडणाऱ्यानेही त्याला तसे सांगितले नाही, हे त्याहून मोठे दुर्दैव.

कुळकायद्याच्या जमिनीत तर याच्या उलट प्रकार घडतो. तेथे शहाणा माणूस सरळ दिवाणी न्यायालयात जातो आणि न्यायालय सांगते की तो कूळ आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार १९४८ च्या कायद्याच्या कलम ८५ ने आमच्याकडून काढून घेतला आहे. तो मुद्दा तहसीलदाराकडे पाठवावा लागेल. सार्वजनिक न्यासांच्या कायद्याचेही तसेच आहे. देवस्थानाच्या विश्वस्तांत वाद झाला, बदल अर्ज फेटाळला गेला, की कोणी तरी मनाईहुकूम मागायला दिवाणी न्यायालय गाठतो आणि कलम ८० ची भिंत त्याच्यासमोर उभी राहते. सहायक वा उपधर्मादाय आयुक्ताच्या निर्णयाविरुद्ध साठ दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांकडे जायचे असते, हे त्याला त्या साठ दिवसांनंतर कळते. गावोगावच्या किती मंदिरांचे, वाचनालयांचे आणि शिक्षणसंस्थांचे कारभार अशा तांत्रिक गुंत्यात वर्षानुवर्षे अडकून पडले आहेत, हे सार्वजनिक कामात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

मुंगेरची साडेबारा एकर जमीन

अधिकारितेच्या विषयातील सर्वांत प्रसिद्ध निवाडा महाराष्ट्रातला नाही, तो बिहारमधील मुंगेरचा आहे. किरण सिंग विरुद्ध चमन पासवान या नावाने तो ओळखला जातो. १२ एकर ५१ सेंट जमिनीच्या ताब्यासाठी दावा लागला. वादींनी दाव्याचे मूल्य २,९५० रुपये दाखवले. मूल्य कमी म्हणजे स्टॅम्प कमी, हे गणित तेव्हाही होते आणि आजही आहे. दावा फेटाळला गेला. मूल्य पाच हजारांच्या आत असल्याने अपील जिल्हा न्यायालयात गेले आणि तेही फेटाळले गेले. मग वादींनी पाटणा उच्च न्यायालयात दुसरे अपील केले. तेथे मूल्याकडे लक्ष गेले आणि चौकशीअंती ते ९,९८० रुपये ठरले. वादींनी उरलेला स्टॅम्प भरला आणि लगेच असा युक्तिवाद केला की दाव्याचे खरे मूल्य पाच हजारांवर असल्याने पहिले अपील उच्च न्यायालयातच यायला हवे होते. जिल्हा न्यायालयाला अधिकारच नव्हता. म्हणून त्याचा निर्णय पुसून टाका आणि आमचे अपील पहिले अपील म्हणून पुन्हा ऐका.

युक्तिवाद मोठा चतुर होता. १४ एप्रिल १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. निकाल लिहिला न्यायमूर्ती टी. एल. वेंकटराम अय्यर यांनी. (हे न्यायमूर्ती कर्नाटक संगीताचेही थोर जाणकार होते आणि १९४४ मध्ये मद्रासच्या संगीत अकादमीने त्यांना संगीत कलानिधी हा किताब दिला होता. कायद्याच्या रुक्ष रानात अशी माणसे भेटली की बरे वाटते.) त्यांनी दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढल्या आणि त्यांवरच आजही सारा विषय उभा आहे. पहिली गोष्ट अशी की ज्या न्यायालयाला मुळात अधिकार नाही, त्याचा हुकूमनामा शून्यवत असतो. तो केव्हाही, कोठेही, अगदी अंमलबजावणीच्या वेळीसुद्धा आव्हानास पात्र ठरतो आणि पक्षकारांनी मान्यता दिली म्हणून त्यात जीव येत नाही. दुसरी अशी की केवळ मूल्य चुकल्यामुळे प्रकरण वरच्याऐवजी खालच्या न्यायालयात गेले असेल, तर तेवढ्याने निर्णय कोसळत नाही. त्या चुकीमुळे प्रकरणाच्या गुणदोषांवर खरोखर बाधा आली, हे दाखवावे लागते. स्वतःच मूल्य कमी लिहायचे आणि हरल्यावर त्याच चुकीवर बोट ठेवून दुसरा डाव मागायचा, हे न्यायालयाने चालू दिले नाही. योग्यच केले.

जागेचा, म्हणजे प्रादेशिक अधिकाराचा आक्षेपही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २१ प्रमाणे पहिल्याच संधीला घ्यावा लागतो. नंतर तो ऐकला जात नाही. मात्र येथेही एक खाच आहे. स्थावर मिळकतीचा दावा ती मिळकत जेथे आहे तेथेच लागला पाहिजे, या नियमाला न्यायालय वेगळ्या वजनाने पाहते. गुडगावच्या एका भूखंडाचा दावा १९८८ मध्ये दिल्लीत लागला. बांधकाम कंपनीने आपल्या कैफियतीत दिल्लीच्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला. सुमारे आठ वर्षांनी तिला आठवण झाली की जमीन हरियाणात आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आधी दिलेली मान्यता येथे उपयोगाची नाही, दिल्लीला अधिकार नव्हताच, वादपत्र परत करणे बरोबर आहे. सतरा वर्षांनी ग्राहकाच्या हाती त्याचे स्वतःचे वादपत्र परत आले! आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी असेही स्पष्ट केले की परत केलेले वादपत्र योग्य न्यायालयात दाखल झाले की खटला अगदी पहिल्यापासून चालतो. आधी झालेला पुरावा, उलटतपासण्या, सारे वाया.

येथे एक जुनी आठवण अस्थानी ठरणार नाही. मराठेशाहीत वतनाचा वा सीमेचा तंटा गोतसभेपुढे चाले. एखाद्या पक्षाला त्या ठिकाणी न्याय मिळणार नाही असे वाटले, तर तो परस्थळ मागे. परंतु निवाडा सुरू होण्यापूर्वी दोन्ही पक्षांकडून ‘राजीनामा’ लिहून घेतला जाई. आज हा शब्द पद सोडण्यापुरता उरला आहे; तेव्हा त्याचा अर्थ, या सभेपुढे आमचा वाद चालावा आणि तिचा निर्णय आम्हांस मान्य असावा, यास आम्ही राजी आहोत, असा होता. म्हणजे न्याय कोठे होणार हा प्रश्न त्या व्यवस्थेने पहिल्या दिवशी, तोंडासमोर आणि लेखी निकालात काढला होता. आजचा कायदा संमतीने अधिकार निर्माण होऊ देत नाही आणि आधुनिक राज्यात ते आवश्यकही आहे. परंतु आधी ठिकाण पक्के करा, मग पुरावा ऐका, ही जी रीत होती ती सोडून देण्याचे कारण काय होते?

मुदत आणि ‘सद्हेतू’

ठिकाण चुकले की मुदतही चुकते, आणि अपिलात घात बहुधा येथेच होतो. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला नव्वद दिवस मिळतात आणि अन्य न्यायालयात फक्त तीस. महाराष्ट्रात वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या निकालाविरुद्धचे अपील दाव्याचे मूल्य एक कोटी रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा न्यायालयात जाते, त्यावर असेल तर थेट उच्च न्यायालयात. हे मूल्य म्हणजे वादपत्रात लिहिलेले मूल्य. हुकूमनामा किती रकमेचा झाला वा जमिनीचा आजचा भाव काय, याच्याशी त्याचा संबंध नाही. हे ज्याच्या लक्षात आले नाही, तो हुकूमनाम्यातील व्याजासह फुगलेला आकडा पाहून समजतो की आता उच्च न्यायालय, नव्वद दिवस हाताशी आहेत, दिवाळीनंतर पाहू. साठाव्या दिवशी मुंबईचा वकील कागद पाहून सांगतो की अपील जिल्ह्यातच होते आणि ते महिन्यापूर्वीच मुदतबाह्य झाले. दावा व्यापारी स्वरूपाचा असेल, तर २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याची साठ दिवसांची आणखी एक तिसरीच मुदत लागते आणि तेथे विलंबाला फारशी क्षमा नाही. हे २०२१ मध्ये खुद्द महाराष्ट्र शासनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठणकावून सांगितले. ज्याच्या दिमतीला सरकारी वकिलांचा ताफा आहे, त्या शासनाची ही गत, तर एकट्या माणसाची काय कथा!

चुकीच्या न्यायालयात गेलेला वेळ वजा करण्याची तरतूद कायद्यात आहे. मुदत कायद्याचे कलम १४ तीच आहे. परंतु ते दाव्यांना आणि अर्जांना लागू पडते. अपिलाच्या बाबतीत विलंब माफीच्या कलम ५ चा आधार घेऊन, त्याच तत्त्वावर विनवणी करावी लागते. शिवाय दोन्हीकडे कसोटी आहे ती सद्हेतूची, आणि येथे मराठी वाचकाने थोडे थांबावे. बोलीत सद्हेतू म्हणजे मनात कपट नसणे. मुदत कायदा तसे मानत नाही. त्याच्या व्याख्येप्रमाणे जे योग्य काळजी आणि लक्षपूर्वक केलेले नाही, ते सद्हेतूने केलेले नव्हेच. मन कितीही निर्मळ असले, तरी पक्षकाराने वा त्याच्या वकिलाने कायदा उघडून पाहिला नसेल तर दार बंद. म्हणूनच अपिलाच्या मसुद्याला हात घालण्यापूर्वी पहिला तास अधिकारितेच्या शोधात घालवणे ही सूक्ष्म विद्वत्ता नव्हे, ती प्राथमिक काळजी आहे. आदेश कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली झाला, त्या कायद्याने अपील दिले आहे की केवळ पुनरीक्षण, वादपत्रातील मूल्य किती, आणि दाव्याच्या तारखेनंतर कायदा बदलला काय, हे पाहायला ग्रंथालय लागत नाही. निकालाच्या नकलेसाठी मात्र त्याच दिवशी अर्ज करावा, कारण नकल तयार होण्यास लागलेला काळ मुदतीतून वजा होतो. अर्ज करण्यापूर्वी घरी काढलेले दिवस होत नाहीत.

वकीलवर्गाला एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ‘लावून तर पाहू, पुढचे पुढे’ हा तालुक्याच्या बाररूममधला लाडका मंत्र अशिलाच्या खिशाला फार महाग पडतो. अधिकार नसल्याचे ठाऊक असून केवळ तात्पुरता मनाईहुकूम मिळवण्यासाठी दावा लावणे, आणि प्रतिपक्षाने तो आक्षेप मुद्दाम राखून ठेवून पाच वर्षांनी बाहेर काढणे, हे दोन्ही प्रकार एकाच जातीचे आहेत.

परंतु सारा दोष पक्षकार आणि वकील यांच्या माथी मारून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल, कारण कायदे करणारे आणि त्यांचा अर्थ लावणारेही या बाबतीत स्थिर राहिलेले नाहीत. न वटलेल्या धनादेशांचे उदाहरण ताजे आहे. १९९९ च्या निवाड्याने फिर्याद पाच पैकी कोणत्याही ठिकाणी करण्याची मुभा दिली. १ ऑगस्ट २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितले की धनादेश ज्याच्यावर काढला, ती बँक जेथे असेल तेथेच फिर्याद चालेल. पुरावा सुरू न झालेल्या फिर्यादी गठ्ठ्यांनी परत गेल्या. पुण्यातल्या छोट्या व्यापाऱ्याने गुजरातेत किंवा तामिळनाडूत जाऊन, तीस दिवसांत, नवी फिर्याद लावायची! वर्ष पुरे होण्याच्या आत, जून २०१५ मध्ये केंद्र सरकारला अध्यादेश काढावा लागला, पुढे त्याचा कायदा झाला, आणि पैसे घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत असेल तेथील न्यायालयाला अधिकार मिळाला. निर्णय न्याय्य झाला यात शंका नाही. पण ज्यांच्या फिर्यादी त्या दहा महिन्यांत गावोगाव फिरल्या, त्यांनी कायद्याचे कोणते अज्ञान केले होते? मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयाची मर्यादा २०१२ च्या दुरुस्तीने एक कोटी झाली आणि अलीकडे ती दहा कोटींवर गेली. ग्राहक आयोगांच्या मर्यादा २०१९ चा कायदा आल्यावर एकदा ठरल्या आणि २०२१ च्या नियमांनी पुन्हा बदलल्या. आता जिल्हा आयोग पन्नास लाखांपर्यंत आणि राज्य आयोग दोन कोटींपर्यंत, तेही वस्तूच्या किमतीवर नव्हे तर प्रत्यक्ष दिलेल्या मोबदल्यावर मोजून. बदल करू नयेत असे नाही. बदल लोकांपर्यंत पोचवण्याचे काम कोणाचे, एवढाच प्रश्न आहे.

तो सोडवण्याचा नमुना आपल्याच कायद्यांत आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ७(८) सांगते की अर्ज नाकारताना माहिती अधिकाऱ्याने तीन गोष्टी कळवल्याच पाहिजेत: नाकारण्याचे कारण, अपील किती दिवसांत करायचे ती मुदत, आणि अपिलीय प्राधिकाऱ्याचा तपशील. त्याच कायद्याचे कलम ६(३) आणखी पुढे जाते. अर्ज चुकीच्या कार्यालयात आला, तर अर्जदाराला हाकलायचे नाही; पाच दिवसांच्या आत तो योग्य कार्यालयाकडे पाठवायचा आणि तसे अर्जदाराला कळवायचे. दहा रुपयांच्या अर्जासाठी जी माणुसकी कायद्याने दाखवली, ती पाच एकर जमिनीच्या आदेशासाठी का दाखवू नये?

यावर आक्षेप येतो की अपील कोठे चालते हा कायद्याचा प्रश्न आहे, तहसीलदाराने वा न्यायाधीशाने चुकीचे लिहिले तर पक्षकाराची आणखी दिशाभूल होईल. आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु जो अधिकारी आदेशाच्या मथळ्यात कलम लिहू शकतो, त्याला त्याच कलमाविरुद्धची दाद कोठे मागायची हे सांगता येऊ नये? त्याने चुकीचे लिहिले, तर तेच सद्हेतूचा पुरावा मानावे आणि त्यावर विसंबून गेलेला वेळ मुदतीतून वजा व्हावा, अशी एका ओळीची दुरुस्ती पुरेशी आहे. अधिकार नसलेल्या न्यायालयातून प्रकरण हलवण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४(५) मध्ये १९७६ च्या दुरुस्तीपासून आहेच. ती केवळ वरिष्ठ न्यायालयाच्या मर्जीवर आणि पक्षकाराच्या अर्जावर न ठेवता नित्याची करता येईल. न्यायालय व्यवस्थापकांपासून संगणकांपर्यंत इतका खर्च झाला आहे. आदेशाच्या तळाशी दोन ओळी छापायला निधीची वाट पाहावी लागू नये.

आणि त्या दोन ओळी मराठीत असाव्यात. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे, महसुली कचेऱ्यांची ती आधीपासूनच आहे. आज तहसीलदाराच्या आदेशाचा शेवट बहुतेक वेळा ‘वरील आदेशाची समज संबंधितांस द्यावी’ अशा वाक्याने होतो. ज्याला ती समज द्यायची असते, तो आदेशाची प्रत घडी घालून खिशात ठेवतो, कचेरीच्या बाहेर येतो आणि टपरीवरच्या अर्ज लिहिणाऱ्याला विचारतो, ‘आता पुढं कुठं जायचं?’ त्या प्रश्नाचे उत्तर त्याच कागदाच्या तळाशी, त्याच सहीच्या वर, छापलेले असले पाहिजे. त्यासाठी महसूल विभागाचे एक परिपत्रक आणि उच्च न्यायालयाच्या प्रशासकीय बाजूचा एक आदेश पुरेल. नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.